टीसी, गेट आणि आमचे काका

मी रोज डोंबिवलीहून घाटकोपरला लोकलने येतो आणि तिथून मेट्रो पकडून मरोळ नाक्याला उतरतो. म्हणजे एकाच प्रवासात आधी बिनदाराचं स्टेशन आणि मग दाराचं स्टेशन. डोंबिवलीत घरातून निघून गाडीच्या दारात एक पाय टेकेपर्यंत मला कोणी विचारत नाही की बाबा पास आहे का तुझ्याकडे, आणि घाटकोपरला मेट्रोकडे वळलो की बॅग मशीनमध्ये टाक, हात पसर, कार्ड लाव, टुक्, मग गेटाची ती दोन पाखं बाजूला होतात आणि तुम्ही आत. इतकी वर्षं झाली तरी त्या पाखांच्या मधून जाताना मी अजून पोट आत घेतो, का माहीत नाही.

हे सगळं लिहायला बसलो कारण मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका नवीन पोराने मला विचारलं, सर लोकलला पण मेट्रोसारखी गेटं का नाही लावत, एका झटक्यात सगळे विदाऊट तिकीटवाले बंद होतील. पोरगा पुण्याहून आलाय, त्याचा दोष नाही. पण मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना गाठलं. काका रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आयुष्यभर काळा कोट घातला, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण अजून जिन्यात कोणी भेटलं की त्यांची नजर आधी हाताकडे जाते आणि मग तोंडाकडे.

काका म्हणाले, गेट नाही कोण म्हणतं, आम्ही होतो की गेट.

आणि मग अर्धा तास त्यांनी मला टीसी उभा कुठे राहतो यावर लेक्चर दिलं. मला वाटायचं टीसी पुलाच्या पायथ्याशी उभा असतो कारण तिथे सावली असते. तसं नाही. पुलाच्या वरच्या टोकाला उभं राहिलं तर खालून चढणाऱ्याला काळा कोट लांबून दिसतो आणि तो अर्ध्या जिन्यातून मागे फिरतो. त्यापेक्षा उतरतानाच्या जिन्याच्या खाली, वळणाच्या जरा आडोशाला उभं राहायचं, म्हणजे माणूस शेवटच्या पाचसहा पायऱ्यांवर येईपर्यंत त्याला टीसी दिसत नाही आणि दिसतो तेव्हा मागून गर्दीचा असा रेटा असतो की फिरायचं म्हटलं तरी फिरता येत नाही. गर्दीच ढकलत आणून देते, आपण फक्त हात पुढे करायचा, हे काकांचं वाक्य. शिवाय गाडीतून उतरलेला पहिला लोंढा सोडून द्यायचा, त्यात सगळे घाईतले पासवाले असतात, रोजचे, त्यांना अडवलं तर नुसती कोंडी होते आणि शिव्या खाव्या लागतात. धरायचं शेपटाला. जो उगाच रेंगाळतो, बुटाची नाडी बांधतो, टीसी दिसल्या दिसल्या फोन कानाला लावून हॅलो हॅलो करतो, आणि एरवी घाईत नसताना अचानक दुसऱ्याच्या पाठीला चिकटून चालायला लागतो, तो.

मी हे ऐकून जरा गप्प झालो कारण त्यातला शेवटचा प्रकार मी स्वतः केलेला आहे. पास आदल्या दिवशी संपलेला, मला पत्ताच नाही, म्हणजे खरंच नव्हता, पण टीसी समोर दिसल्यावर एकदम आठवलं की अरे आज तारीख काय. स्टेशन सांगत नाही. मी एका जाड्या गृहस्थांच्या मागे अगदी सावलीसारखा चाललो आणि टीसीने त्यांना जाऊ दिलं आणि माझ्यापुढे हात धरला. भाडं अधिक अडीचशे, पावती फाडली, विषय संपला. तेव्हा मला वाटलं होतं नशीब खराब. काका म्हणाले नशीब कसलं, तू दहा पावलं आधीच खांदे पाडले असशील.

(दंडाचे किमान अडीचशे कित्येक वर्षं तेवढेच आहेत, वडापाव कुठल्या कुठे गेला. हे जाता जाता.)

आता मुद्दा असा की हा माणूस-गेट चोवीस तास नसतो आणि सगळीकडे नसतो, आणि त्यातच त्याची गंमत आहे. तो आज आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं म्हणून तुम्ही पास काढता. बर्लिनच्या मेट्रोला म्हणे गेटच नाहीत, माझा एक मित्र तिथे दोन वर्षं होता, कोणीही सरळ प्लॅटफॉर्मवर जातो, मधेच साध्या कपड्यातले चेकर डब्यात चढतात आणि तिकीट नसेल तर साठ युरो. म्हणजे आपलीच पद्धत, फक्त आपल्याकडे काळा कोट आणि पुलाचा पायथा.

आणि कधीतरी मग रेल्वे एकदम सगळी दारं बंद करते. याला त्यांच्यात फोर्ट्रेस चेकिंग म्हणतात, किल्लाबंदीच सरळ. स्टेशनचा प्रत्येक जिना, प्रत्येक पूल, प्रत्येक फट, जिथून माणूस निसटू शकतो तिथे टीसी आणि सोबत आरपीएफ, म्हणजे रेल्वेचं सुरक्षा दल. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कल्याणला हे केलं तेव्हा दीडशेच्या वर टीसी एका स्टेशनवर लावले होते आणि एका दिवसात चार हजारांवर लोक सापडले. चार हजार! पण उलटं पण बघा ना, एक स्टेशन एक दिवस नीट बंद करायला दीडशे माणसं लागली. दुसऱ्या दिवशी ती दीडशे माणसं आपापल्या जागी परत आणि कल्याण परत उघडं.

इथे ऑफिसमधल्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी रात्री कागदावर हिशेब केला, चुकला असेल तर सांगा. समजा संध्याकाळच्या फास्ट गाडीतून डोंबिवलीला दीड हजार माणसं उतरली, कमीच धरतोय. मेट्रोचं गेट एका माणसाला साधारण दोन सेकंद घेतं, सगळं सुरळीत असेल तर, म्हणजे मिनिटाला तीस माणसं. पुढची गाडी यायच्या आत, तीन मिनिटांत, हा लोंढा बाहेर काढायचा तर सोळा-सतरा गेटं फक्त एका गाडीला, एका दिशेला, फक्त बाहेर जाणाऱ्यांना. त्यात एकाचं कार्ड वाजलं नाही की त्याच्या मागचे सगळे खोळंबले. आणि गाड्या एक येत नाही, स्लो आली, फास्ट आली, उलट्या दिशेची पण आली, सगळे एकाच पुलावर. मुंबईत लोकलने रोज सत्तर लाखांच्या वर माणसं जातात, एवढी पाखं उघडायची मिटायची म्हणजे त्यांची मोटर पहिल्याच महिन्यात राजीनामा देईल.

आणि जागा कुठाय. डोंबिवलीतल्या पुलांवरून किती लोक गाडी न पकडता नुसते पूर्वेचे पश्चिमेला जातात हे डोंबिवलीकराला सांगायला नको. भाजी घ्यायला, क्लासला, सासूकडे. रेल्वेच्या पुलावरून जायचं तर नियमाने प्लॅटफॉर्म तिकीट लागतं, दहा रुपये, आणि टीसीने ठरवलं तर धरू शकतो, पण आपल्या शहरात स्टेशन हे स्टेशन कमी आणि पूर्व-पश्चिम जोडणारी गल्ली जास्त आहे. गल्लीला दार लावणार कसं.

शिवाय माणसं. काकांचा मुख्य मुद्दा हा होता आणि माझ्या डोक्यात तो आधी आलाच नव्हता. आपल्याला वाटतं गेट लावलं की टीसी वाचले. काका म्हणाले प्रत्येक गेटच्या रांगेपाशी एक माणूस लागतोच. पहाटे चारच्या सुमारापासून रात्री एकपर्यंत गाड्या, म्हणजे तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, आजारपण, गणपतीची रजा धरली की एका जागेला चार माणसं. पाच दारं असलेल्या स्टेशनला वीस माणसं नुसती गेटापाशी उभी राहायला. तेवढे टीसी फिरते ठेवले तर आख्खी लाईन सांभाळतील, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः टीसी असल्यामुळे थोडं झुकतं माप असणार, पण हिशेब बरोबर वाटतो.

मशीन आलं की माणूस जातो हे रेल्वेत कधी घडलंच नाही, हे तर आपण डोळ्यांनी बघितलंय. आधी कूपनं होती, ते मशीनमध्ये घालून ठक् करून शिक्का मारायचा, शाई निम्म्या वेळा नसायची, ती २०१५ च्या सुमाराला गेली. त्याच्या आधीच एटीव्हीएम आली होती, स्क्रीनवर बोट लावून तिकीट काढायची मशीन. आणि त्या मशीनपाशी काय झालं? रेल्वेतलेच रिटायर्ड लोक फॅसिलिटेटर म्हणून उभे राहिले, आपण खिडकीवर सांगायचो तसंच त्यांना सांगायचं, एक ठाणे रिटर्न, ते टकाटक चारपाच ठिकाणी बोट लावतात आणि तिकीट बाहेर. म्हणजे खिडकीतला माणूस उठून मशीनच्या पुढे येऊन उभा राहिला, एवढाच फरक. आणि खरं सांगू का, त्यांच्याकडची रांग सगळ्यात फास्ट सरकते. मोबाईलवरचं यूटीएस, म्हणजे तिकीट काढायचं अ‍ॅप, आलं तेव्हाही त्यात अशी व्यवस्था होती की रुळांच्या अगदी जवळ उभं राहून तिकीट निघायचं नाही, जरा लांब जाऊनच काढावं लागायचं, का, तर टीसी दिसला की खिशातून फोन काढून तिथल्या तिथे प्रामाणिक होणारे लोक आहेत आपल्यात.

लोकलला खरीखुरी दारं लागलेली मी एकदाच पाहिली आणि ती कोविडमध्ये. म्हणजे मी नाही, बायकोने. ती नर्स आहे. १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी लोकल परत सुरू झाल्या तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात गेली आणि घरी येऊन म्हणाली अरे आपलं स्टेशन ओळखू येत नाही. सगळे छोटे मोठे रस्ते पत्रे लावून बंद, एकच दार उघडं, तिथे पोलीस, आरपीएफ, टीसी, प्रत्येकाचं आयकार्ड बघून मग आत. तिला म्हणे त्या दारातून जाताना एकदम परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. मग २०२१ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना सोडलं पण वेळा ठरवून, सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर, तेव्हा तर गेट म्हणजे घड्याळच झालं. एप्रिलमध्ये परत बंद. आणि १५ ऑगस्टपासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना पास. त्यासाठी स्टेशनबाहेर टेबलं टाकून पालिकेची माणसं बसलेली, ते सर्टिफिकेट तपासून शिक्का मारायचे, तो शिक्का खिडकीवर दाखवला की पास. मी त्या रांगेत दीड तास उभा होतो, छत्री घेऊन. तर सांगायचं काय की मुंबईत लोकलला दार लावता येतं, फक्त त्याच्यासाठी नव्वद टक्के मुंबई घरी बसवावी लागते.

बरं आता मेट्रो. घाटकोपर-वर्सोवा ८ जून २०१४ ला सुरू झाली, बारा स्टेशनं, अकरा साडेअकरा किलोमीटर. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे हौशीने गेलो होतो आणि गेटापाशी जो तमाशा असायचा तो आठवून अजून हसू येतं. टोकन आत जाताना नुसतं टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत टाकायचं, लोक उलटं करायचे. कोणी आत जातानाच फट शोधतंय. एक आजोबा पाया पडल्यासारखे वाकून मशीनला टोकन लावत होते. आणि सगळ्यात मोठा घोळ उजव्या-डाव्याचा. टेकवायची जागा तुमच्या उजव्या हाताला असते, डाव्या हाताला जी दिसते ती शेजारच्या गेटची. डाव्या हाताने टेकवलं की शेजारचं उघडतं आणि तुम्ही आपल्या बंद पाखांपुढे उभे.

ती पाखं बघत नाहीत हो तुमच्याकडे. आतमध्ये दोन्ही बाजूंना सेन्सर असतात, त्यांना फक्त एवढं कळतं की काहीतरी मधून गेलं. ट्रॉलीबॅग मागे ओढत गेलात तर मशीनला वाटतं दुसरा माणूस चिकटून आला, म्हणून बॅग पुढे ढकलायची. पोर असेल तर कडेवर घ्यायचं किंवा पुढे घालायचं, मागे ठेवलं तर पाखं मिटायला लागतात आणि आया किंचाळतात. छातीत धस्स होतं बघताना. म्हणून तर त्या बाजूला रुंद गेट असतं, व्हीलचेअर, गरोदर बायका, मोठं सामान यांच्यासाठी, आणि तिथे कायम कोणीतरी उभं असतं. ती मुलगी, मी ज्या वेळी जातो तेव्हा बहुतेक वेळा मुलगीच असते, गळ्यात कार्ड आणि हातात वॉकीटॉकी, ती दिवसभर काय करते हे एकदा मुद्दाम पाच मिनिटं थांबून बघितलं. एकाच्या फोनचा ब्राइटनेस कमी, क्यूआर वाचला जात नाही, वाढवून दिला. एकीच्या स्क्रीनला तडा, क्यूआरच्या बरोबर मधून. एकजण बाहेर पडताना अडकला कारण त्याचं तिकीट आधीच्याच स्टेशनपर्यंतचं होतं, त्याला कस्टमर केअरच्या खिडकीवर पाठवला, फरक भरून या. एक आजी सरळ तिच्यापुढे पर्स उघडून उभ्या राहिल्या, यातलं कार्ड कुठलं ते तूच बघ बाई. पाच मिनिटांत हे एवढं, आणि तेवढ्यात तिने दोन कॉलेजच्या पोरांना एकाच कार्डावर चिकटून जाताना पकडलं पण.

आणि एक काम जे आपल्या लक्षात येत नाही. सकाळी घाटकोपरला आत जाणाऱ्यांची गर्दी, संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांची. गेटं तीच, पण त्यातली काही दोन्हीकडे चालणारी असतात, हिरवा बाण आणि लाल फुली जी दिसते ती पलटवता येते. आणि वर प्लॅटफॉर्म भरला की आत सोडणं थांबवतात. तेव्हा लोक चिडतात, मीही चिडतो, गाडी वर दिसतेय आणि हे सोडत नाहीत. पण मला वाटतं गेटाचं खरं काम हे आहे, तिकीट नंतर. नळाची चावी आहे ती. वर किती माणसं मावतात हे कोणीतरी बघतंय आणि खाली कोणीतरी चावी फिरवतंय.

लोकलला ही चावी नाही. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल, आता त्या स्टेशनला प्रभादेवी म्हणतात. पाऊस आला, खाली उतरणारे पुलावरच थांबले, मागून गाड्यांमधले लोक येतच राहिले. २३ माणसं गेली. माझा एक शाळेतला मित्र तेव्हा परळला नोकरीला होता, तो त्या दिवशी उशिरा निघाला म्हणून. तिथे टीसी असता तरी तिकीट विचारून काही झालं नसतं, तिथे फक्त कोणीतरी जिन्याखाली हात आडवा करून थांबा म्हणायला हवं होतं. मी अजूनही पावसात पूल भरलेला दिसला की खाली टपरीवर चहा घेतो, दहा मिनिटं उशीर झाला तर झाला.

लंडनला माझा आतेभाऊ आहे, त्याच्या उपनगरातल्या छोट्या स्टेशनवर गेटं आहेत पण रात्री माणूस घरी गेला की ती सरळ उघडी ठेवतात. त्यांच्याकडे असं आहे की गेट चालू तर माणूस हजर, माणूस नाही तर गेट उघडं, कारण आत आग लागली आणि पाखं मिटलेली राहिली तर काय. मला आधी हे वेडेपणाचं वाटलं, आता नाही वाटत. जपानात तर गेट मुळातच उघडं असतं, तुम्ही चालत जायचं, कार्ड चुकलं तरच ते तुमच्यापुढे मिटतं. हे मला फार आवडलं. आपलं गेट आधी संशय घेतं आणि मग सोडतं.

तर हे सगळं काकांशी बोलून झाल्यावर मी म्हटलं काका तुम्ही मेट्रोत बसलाय का कधी? म्हणाले नाही, पास कुठाय माझ्याकडे. मग रविवारी घेऊन गेलो. तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं आणि मी पुढे गेलो. मागे वळून बघतो तर काका आतच येत नाहीत, बाजूला उभे राहून त्या गेटवरच्या मुलीला निरखतायत. मग तिला म्हणाले, पोरी तू पुढे उभी राहतेस, लोकांना लांबून दिसतेस, जरा त्या खांबाच्या आडोशाला उभी राहा. ती हसली, म्हणाली काका मला दिसायलाच हवं, लोक मलाच शोधत येतात. काकांना हे उत्तर काही झेपलं नाही, ते तसेच विचारात पुढे झाले आणि तिकीट लावलं, डाव्या हाताने.

शेजारचं गेट उघडलं. शेजारी एक पोरगा कानात इयरफोन घालून कार्ड लावायच्या बेतातच होता, त्याला समोर उघडं दिसलं म्हणून तो तसाच निघून गेला. काका बंद पाखांपुढे. परत तिकीट लावलं तर लाल, तुम्ही आधीच आत गेलेले आहात. आयुष्यात पहिल्यांदा काका गेटाच्या चुकीच्या बाजूला. त्या मुलीने हसत रुंद गेट उघडून त्यांना आत घेतलं आणि समजावलं की तुमचं तिकीट आत आलंय, बाहेर पडताना काही अडचण नाही, अडचण त्या मुलाला येईल, त्याच्या कार्डावर आत आल्याची नोंदच नाहीये, तो उतरताना अडकेल.

काकांचा चेहरा एकदम खुलला. म्हणजे विदाऊट मी नाही, तो, असं म्हणून त्यांनी जिन्याकडे बघितलं, पोरगा कधीच वर गेलेला. मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, त्याची पावती कोण फाडणार?